१६ किलोचा ब्रेकर, ११ महिन्यांचा वापर: दुरुस्तीपेक्षा पाठवणी महाग

गेल्या ऑगस्टात २३,४०० रुपयांना सिमेंट-काँक्रीट फोडायची ब्रेकर मशीन घेतली. १६ किलो वर्गातली, १५०० वॅटची, ३० मिलिमीटर षटकोनी छिन्नीची. आता जुलै चालू आहे, म्हणजे ११ महिने झाले. या काळात ती तीनदा बंद पडली. मशीन विकत घेण्याआधी मी ठोक किती जोराचा, वॅट किती, वॉरंटी किती, एवढंच विचारलं होतं. बिघडली तर ती कुठं पाठवायची आणि पाठवायला किती लागतात, हे विचारलंच नाही. माझ्यासारखाच कोणी तालुक्यापासून लांब राहून अशी मशीन घेणार असेल, तर त्याच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या ओळखीतल्या तिघांकडं तीन वेगळ्या कंपन्यांच्या मशिनी आहेत आणि तिघांचं रडगाणं सारखंच आहे.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यापासून १८ किलोमीटर आत. काम म्हणाल तर गावोगावच्या सिमेंट रस्त्यांत नळयोजनेच्या पाइपसाठी चर पाडणं, जुने ओटे फोडणं, घरकुलाचे जुने पाये काढणं, संडासाच्या टाक्या. माणसासकट मशीनचे दिवसाला १,५०० रुपये घेतो. लहान भाऊ सोबत असतो, आळीपाळीनं चालवतो.

आधी मशीनचं चांगलं ते सांगतो, कारण ते खरं आहे. सहा इंच जाडीच्या सिमेंट रस्त्यात एक फूट रुंदीचा चर दोघांनी मिळून दिवसाला २० ते २५ मीटर पडतो. घणानं हेच काम करताना मी चार माणसं लावत होतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा ४५ च्या पार जातो, तेव्हा सकाळी सहा ते दहा आणि सायंकाळी पाचनंतर, एवढंच काम केलं आणि मशीन कधी हाताला चटका बसेल इतकी तापू दिली नाही. मूठ चांगली आहे, तरी दोन तासांनंतर मनगटाला मुंग्या येतात. छिन्नी लोहाराकडून पुन्हा टोकदार करून घेता येते. कामाच्या बाबतीत तक्रार नाही.

पहिला बिघाड नोव्हेंबरात झाला. एका गावात चालू कामावर मशीनमधून जळका वास आला आणि ती थांबली. वॉरंटी सहा महिन्यांची, म्हणजे आपण आत आहोत, म्हणून मी निर्धास्त होतो. दुकानदाराला फोन केला.

"भाऊ, मशीन नागपूरले पाठवा लागते. इथं कोणी खोलत नाही."

"पाठवाचा खर्च?"

"तो तुमचा. कार्डावर लिहेल हाये."

घरी येऊन कार्ड काढलं. खरंच लिहिलं होतं, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: दुरुस्ती केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च ग्राहकाकडे. विकत घेताना ही ओळ मला कोणी दाखवली नव्हती.

पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, सरळ ४४ नंबरच्या महामार्गावर. मी मशीन तिच्या लोखंडी पेटीत, दोन्ही छिन्न्यांसकट, वरून जाड खोका लावून मोटरसायकलच्या मागं बांधली आणि कुरिअरवाल्याकडं नेली. काट्यावर २६ किलो भरलं. त्यानं फीत काढून खोका मोजला: ८५ बाय ४२ बाय ३४ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार करून ४५०० नं भागलं आणि म्हणाला, २७ किलो. खऱ्या वजनात आणि या मापाच्या वजनात जे जास्त भरेल त्याचे पैसे, हा कुरिअरचा नियम आहे. काही ठिकाणी ४५०० ऐवजी ५००० नं भागतात, तिथं हाच खोका मापानं सव्वाचोवीस किलोचा ठरतो. म्हणून भागाकार कितीनं आहे, हे आधी विचारावं.

किलोला ३८ रुपये, त्यावर इंधन अधिभार १५ टक्के, पावतीचे ८० आणि १८ टक्के जीएसटी. मिळून १,४८७ रुपये. परत येताना सर्व्हिस सेंटरनं तीच पेटी टू-पे पाठवली, म्हणजे पैसे मी इथं भरायचे. तेव्हा त्यात ६०० रुपयांचा आणखी एक आकार होता, ओडीए. आमचं गाव त्यांच्या नेहमीच्या वाटपाच्या हद्दीबाहेर पडतं, त्याचा हा दंड. ते बिल २,१९५ झालं. एवढं भरूनही पार्सल गावात आलं नाही, फोन आला की पांढरकवड्याला येऊन घेऊन जा. ६०० रुपये कशाचे, हा प्रश्न मी तिथं उभं राहून विचारला. उत्तर मिळालं नाही.

येणं-जाणं मिळून ३,६८२ रुपये. वॉरंटीत बदलून दिलेला भाग होता फील्ड कॉइल (मोटरमधली न फिरणारी तारेची गुंडाळी), ज्याची किंमत त्यांच्याच कागदावर १,९०० लिहिलेली होती.

आणि यात २३ दिवस गेले. अंगावर घेतलेलं काम सोडता येत नव्हतं, म्हणून ९ दिवस दुसऱ्याची मशीन ६०० रुपये रोजानं आणली. ५,४०० ते. आमच्या घरी हिशेबाची वही बायकोकडं असते. तिनं रात्री बेरीज केली आणि म्हणाली, "अहो, वारंटीतलं रिपेरिंग नऊ हजार ब्याऐंशीले पडलं." मी त्या आकड्याकडं बराच वेळ पाहत बसलो. एवढ्यात मशीनची सव्वा वर्षाची देखभाल झाली असती.

सर्व्हिस सेंटरनं एक गोष्ट मात्र खरी सांगितली: कॉइल कमी व्होल्टेजनं जळाली. तेव्हा मी १ स्क्वेअर मिलिमीटरची शंभर मीटर वायर वापरत होतो. अशा तांब्याच्या वायरीला जाऊन-येऊन दोनशे मीटरला साडेतीन ओहमच्या वर विरोध असतो. मशीन ७ अँपिअरच्या जवळपास ओढते, म्हणजे नुसत्या वायरीत २५ व्होल्ट मरतात. गावात आधीच १९५ येतात. मशीनच्या तोंडाशी उरले १७०. मग फेरे कमी होतात, आतला पंखा मंद होतो, हवा कमी लागते, ठोक हलका पडतो म्हणून माणूस आणखी जोरानं दाबतो आणि तासाचं काम दोन तास चालतं. मोटर जळणार नाही तर काय होईल? आता २.५ ची तीन कोअरची वायर आहे, त्यात दहाएक व्होल्टच जातात. वायर महाग पडली, पण त्यानंतर कॉइल जळालेली नाही. हे मला दुकानात कोणी सांगितलं असतं, तर ती पाठवणी झालीच नसती.

दुसरा बिघाड मार्चमध्ये, वॉरंटी संपल्यावर. मोटर फिरायची, पण ठोक बसत नव्हता. आतल्या पिस्टनचे ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) गेले होते. या वेळी कुरिअरचं नाव घेतलं नाही. पेटी घरी ठेवली, छिन्न्या काढल्या (दोन छिन्न्या म्हणजेच साडेचार किलो), मशीन कापडात गुंडाळून दुहेरी बारदान्यात शिवली आणि ट्रान्सपोर्टला दिली. नुसती मशीन १७ किलो. आमच्या ट्रान्सपोर्टचा नियम असा की कमीत कमी ५० किलोचं भाडं घेणार. ५० किलोचे २००, बिल्टीचे (मालाच्या पावतीचे) ५०, हमाली ३०. एकूण २८०. दुसऱ्या दिवशी सकाळी माल नागपुरात वाडीच्या गोडाऊनला.

ट्रान्सपोर्टची अडचण ही की माल गोडाऊनपर्यंतच जातो. सर्व्हिस सेंटरवाले तिथून उचलत नाहीत. माझा भाचा नागपुरात शिकतो, त्यानं मोटरसायकलवर नेऊन दिली आणि झाल्यावर पुन्हा गोडाऊनला टाकली. त्याच्या पेट्रोलचे २०० धरून सगळी पाठवणी ७६० रुपयांत झाली. कुठं ३,६८२ आणि कुठं ७६०. दुरुस्तीचे ओ-रिंग, ग्रीस, मजुरी मिळून १,३५०. नऊ दिवस लागले. ज्यांचं नागपुरात कोणी नाही त्यांना वाडीपासून रिक्षा करावी लागेल, तो खर्च वेगळा. आणि माल गोडाऊनला दोन-चार दिवसांच्या वर पडू देऊ नका, डॅमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा दंड लागतो.

बिल्टीवर शिक्का होता, "ओनर्स रिस्क", म्हणजे जोखीम मालाच्या मालकाची. हे समजून घ्यायला पाहिजे. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार, मालाची किंमत जाहीर करून जास्त दरानं पाठवला नसेल, तर हरवल्या-फुटल्याची भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. २०० भाडं, तर २,००० रुपये. २३ हजारांची मशीन हरवली तर हातात दोन हजार. म्हणून मी निघण्याआधी मशीनचे चारही बाजूंनी फोटो काढतो, नंबर प्लेटचा वेगळा काढतो, बिल्टीवर मशीनचा नंबर लिहायला लावतो आणि "दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही" अशी चिठ्ठी खरेदी बिलाच्या झेरॉक्ससोबत देतो. कुरिअरच्या पहिल्या फेरीत बाजूची मूठ तडकून आली होती, फोटो नव्हता म्हणून मला काही बोलता आलं नाही. आता बाजूची मूठ काढूनच पाठवतो.

तिसरा बिघाड मेमध्ये, ऐन कामात. कार्बनपाशी (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे, झिजणारे तुकडे) निळ्या ठिणग्या, मग बंद. मशीन बारदान्यात घालून ट्रान्सपोर्टला निघालो होतो. वाटेत पांढरकवड्यात मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटरी तिथंच भरतात. काकांनी बारदाना बघून विचारलं काय आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "पोरा, सारी मशीन कायले हालवतं? आर्मेचर जयलं असन, तेवढंच काढून दे."

चार स्क्रू काढून त्यांनी आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, बाहेर घेतलं. दोनेक किलोचं असेल. ग्राउलर या तपासणीच्या यंत्रावर ठेवलं, वरून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा धरत हळूहळू फिरवलं, आणि एका ठिकाणी ब्लेड थरथरून चिकटलं. तिथं आतल्या वेढ्यांत शॉर्ट. दोन दिवसांत भरून मिळालं: वायंडिंग १,६००, दोन बेअरिंग २४०, कार्बनची जोडी १२०. पाठवणी शून्य. दोन महिने झाले, मशीन रोज चालते आहे.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे की वॉरंटी संपल्यावर अख्खी मशीन हलवायची नाही. आर्मेचर, फील्ड, स्विच, कार्बन ही कामं तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडून करून घ्यावी, आणि भाग मिळत नसेल तर जुना भाग दोन किलोच्या पार्सलनं पाठवून नवा मागवावा. पिस्टन-सिलिंडरकडचं काम मात्र मी इथं उघडू देत नाही. तिथं ग्रीसचा प्रकार आणि प्रमाण चुकलं तर ठोक बसत नाही, आणि धूळ आत गेली तर सिलिंडरला ओरखडे पडतात. वॉरंटी चालू असताना तर बाहेर कुणालाच खोलू देऊ नका, ते निमित्त होऊन वॉरंटी नाकारली जाते.

पहिल्या वेळच्या बिलांबद्दल मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते, म्हणजे मला यवतमाळला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही. पोट भरण्यासाठी स्वतः मशीन चालवणारा माणूसही ग्राहकच धरला जातो, धंद्यासाठी घेतली म्हणून त्याला बाहेर काढता येत नाही. तरी मी तक्रार केली नाही, कारण वाहतूक ग्राहकाची हे कार्डावर छापलेलं होतं आणि मी ते न वाचता सही केली होती. पण मला हे न्यायाचं वाटत नाही. कंपनीच्या डीलरकडं नागपूरहून दर आठवड्याला माल येतो, रिकामी गाडी परत जाते. तालुक्याच्या दुकानात आठवड्यातून एक दिवस बिघडलेल्या मशिनी गोळा केल्या, तर एका मशीनमागं शंभर रुपयेही पडणार नाहीत. नागपूर शहरातला माणूस तीच वॉरंटी त्याच किमतीत घेतो आणि रिक्षानं जाऊन वापरतो. आमच्यासाठी तीच वॉरंटी पावणेचार हजारांची.

मशीन घेऊ का, असं कोणी विचारलं तर मी घे म्हणेन. फक्त दुकानातच कार्ड उलटून वाहतुकीची ओळ वाच, पैसे देण्याआधी सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन करून ते गोडाऊनमधून माल उचलतात का ते विचार, आणि कार्बनच्या दोन जोड्या सोबतच घे. दोन कंपन्यांत हजार-दीड हजाराचा फरक असेल तर जिचे भाग जवळ मिळतात ती घे. मी पुढची मशीन १० किलो वर्गातली घेणार आहे. भिंती-ओट्यांच्या कामाला ती पुरते, आणि एसटीच्या डिकीत टाकून स्वतः नागपूरला नेता येते. दीडशे किलोमीटरचं येण्या-जाण्याचं तिकीट पाचशेच्या थोडं वर जातं, पण मिस्त्रीसमोर उभं राहून बिघाड सांगता येतो.

सध्या मी आणि ओळखीतल्या दोघा मशीनवाल्यांनी मिळून एक ठरवलं आहे. ट्रान्सपोर्ट ५० किलोचं भाडं घेतंच, आणि १७ किलोच्या तीन मशिनी म्हणजे ५१ किलो. पावसाळ्यात कामं मंद असतात, तेव्हा तिन्ही मशिनींचं ग्रीस आणि ओ-रिंग बदलायला एकाच बिल्टीवर पाठवायचं. पोळ्यानंतर पुन्हा चर खोदायची कामं सुरू होतात, त्याआधी त्या परत यायला हव्यात. म्हणून येत्या सोमवारी बारदाने शिवायला बसतो आहोत.