दरवाजाखालची भोकं: डेंटिंग-पेंटिंगनंतरचे तेरा महिने

काल रात्री डिचोलीत यंदाचा पहिला जोराचा पाऊस पडला. सकाळी सहाला छत्री घेऊन मी आधी गाडीजवळ गेले. डाव्या बाजूच्या मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेतून थेंब थेंब पाणी गळत होतं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या वहिनींना हाक मारून मी ते दाखवलं. गाडीच्या दारातून पाणी गळतंय यात आनंद कसला, हे त्यांना कळेना. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

गाडी २०१६ची वॅगनआर, रंग सिल्व्हर. तिच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारादिवशी उभ्या गाडीवर एका टेम्पोने रिव्हर्स घेतला. दरवाजा खालच्या बाजूने आत गेला आणि बंपरचा कोपरा फाटला. टेम्पोवाल्याने दोन हजार हातावर ठेवले आणि तो गेला.

शोरूममध्ये नवा दरवाजा, बंपर, रंग आणि जीएसटी धरून २८ हजार सांगितले. विम्याचा क्लेम करायचा का, म्हणून रात्री हिशेब मांडला. गाडी जुनी, त्यामुळे झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, नाही. साध्या विमा पॉलिसीत पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या पत्र्याच्या पार्टवर ४० टक्के घसारा कापतात, प्लास्टिकवर आणि रबरावर ५० टक्के, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये सक्तीने आपल्याच खिशातले. आणि इतकी वर्षं क्लेम न करता जमवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, एका फटक्यात जाणार. क्लेम नको, रोख देऊन करून घेऊ असं ठरवलं. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. चूक झाली ती गॅरेज निवडताना.

तीन ठिकाणी विचारलं आणि सर्वांत कमी सांगितलं तिथे गाडी दिली. साडेनऊ हजार, चार दिवस, बिल नको असेल तर. मी बिल नको म्हटलं. लेबरवरचे जीएसटीचे १८ टक्के वाचले याचं समाधान घेऊन घरी आले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे चौथ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली, पॉलिश मारलेली, झळझळीत. दरवाजा आत गेला होता हे सांगूनही कोणाला खरं वाटलं नसतं. त्या वेळी मी ओळखीच्या चार जणांना तेच गॅरेज सुचवलं. त्यांच्यापैकी दोघांनी तिथे कामही करून घेतलं, याचं मला वाईट वाटतं.

तारीख होती २९ मे. आठवडाभरात पाऊस सुरू झाला.

जुलैत मुलगा मागच्या सीटवरून म्हणायला लागला, "आई, दारात पाणी वाजतंय." मी म्हटलं, तुझी बाटली सीटखाली पडली असेल. अस्नोड्याच्या वळणावर ब्रेक मारला की मलाही छपछप ऐकू यायचं. बाटली शोधली, मिळाली नाही, आणि विषय तिथेच राहिला. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुमारास गाडीत कुबट वास यायला लागला. पावसात सगळ्याच गाड्यांना येतो म्हणून तेही सोडून दिलं. दिवाळीनंतर त्या दरवाजाची काच जड चालायला लागली.

आणि ऑक्टोबरपासून दरवाजाच्या खालच्या कडेवर एक तांबूस ओघळ दिसायचा. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि चिऱ्याची माती यांनी गाडी कायम तांबडीच असते, त्यामुळे मी तो दर रविवारी फडक्याने पुसून टाकायची. बाकीची गाडी धुतली की चार दिवस स्वच्छ राहायची. हा ओघळ मात्र दुसऱ्या दिवशी त्याच जागी हजर. डिसेंबरात पुसता पुसता बोटाला चण्याएवढा फोड लागला. नखाने दाबला तर रंगाची साल निघाली आणि आतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. मी दोन महिने माती म्हणून गंज पुसत होते.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्यांचं उत्तर: गंज जुना आहे, गोव्यात समुद्राच्या हवेने सगळ्याच गाड्या गंजतात. मी म्हटलं, बाकीचे तीन दरवाजे दाखवा कुठे गंजलेत ते. त्यावर, "बिल आहे का?" बिल नव्हतंच. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही, हे मला माहीत होतं. पण काम त्यांनीच केलं हे दाखवायला माझ्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. वाचवलेला जीएसटी तिथे वसूल झाला.

दुसरं गॅरेज फोंड्याच्या बाजूला आहे. पत्र्याची शेड, पुढे फणसाचं झाड, बोर्ड अर्धा पुसलेला. नाव पहिल्याचं लिहिलेलं नाही, तर याचंही लिहीत नाही. मिस्त्री साठीच्या आसपासचे. मी दरवाजा कसा चेपला होता हे सांगायला लागले, तर ते ऐकत ऐकत सरळ खाली बसले आणि दरवाजाच्या खालच्या कडेवरून अंगठा फिरवायला लागले. मग सायकलचा एक जुना स्पोक घेऊन कडेत एका जागी टोचला. रंगाचा पापुद्रा फुटला आणि भळकन चिखलपाणी बाहेर आलं, फुलपात्रभर तरी असेल. डिसेंबरात! पाऊस जाऊन दोन महिने झाले होते.

"बाय, हें पळय," ते म्हणाले. "उदक भायर वचपाक वाटूच ना." पाण्याला बाहेर जायला वाटच नाही.

त्या दिवशी मला दरवाजा म्हणजे काय ते कळलं. काचेला बाहेरून जे रबर असतं ते सगळं पाणी अडवत नाही, थोडं पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरणारच, हे कंपनीने धरूनच चाललेलं असतं. ते पाणी आतून खाली येतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून जी घडी घातलेली असते, तिच्याजवळच ही भोकं असतात. पहिल्या गॅरेजने चेपलेली कड ठोकून सरळ करण्याऐवजी तिच्यावर पुट्टी थापली, वर सीलंट ओढलं, वर रंग मारला. भोकं बुजली. गोव्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं दरवाजात शिरलेलं पाणी तिथेच बसून राहिलं. टेम्पोच्या धक्क्याने घडीतला मूळचा थर तडकलेला असणारच, आणि पुट्टी स्वतः ओल धरून ठेवते. आतून पत्रा खाल्ला जात होता आणि बाहेरून मी पॉलिश करत होते.

मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबकाचा तुकडा काढून दरवाजावर फिरवला. वर टकदिशी चिकटत होता, खालच्या सहा इंचांत घसरून पडत होता. इतकी जाड पुट्टी. ही तपासणी कोणालाही घरच्या फ्रिजवरच्या चुंबकाने करता येईल, फक्त बंपरवर करू नका, तो प्लास्टिकचा असतो.

एस्टिमेट २५ हजार. कागदावर ओळीओळीने: पत्रा कापणे, वेल्डिंग, प्रायमर, रंग, आतलं मेण, लेबर, जीएसटी. मी घासाघीस केली. त्यांनी एक रुपया कमी केला नाही. एका ओळीवर मात्र बोट ठेवून म्हणाले, हे नको असेल तर काढतो: शेजारच्या पॅनलवर रंग ब्लेंड करणे, म्हणजे विरवत नेणे, चार हजार. मी काढायला सांगितलं, राहिले २१ हजार. त्यांनी ती ओळ खोडली, बाजूला "शेडची गॅरंटी नाही", म्हणजे रंगाची छटा जुळेलच असं नाही, असं लिहिलं आणि माझी सही घेतली.

काम चालू असताना मी तीनदा गेले. ते कधी नको म्हणाले नाहीत, उलट पत्रा उघडा असेल त्या दिवशी या म्हणून फोन केला. दरवाजाचं आतलं कव्हर काढलं होतं. त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद पहिल्यांनी परत चिकटवलाच नव्हता, नुसता अडकवला होता. कुबट वास तिथून येत होता. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवलेली मी स्वतः पाहिली. खालची चार इंचांची पट्टी कापून नवा पत्रा लावला, वेल्डच्या जागी झिंकचा प्रायमर मारला.

आणि मग त्यांनी केलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. सीलंट लावण्याआधी गॅरेजच्या कोपऱ्यातल्या केरसुणीतले हीर मोडून घेतले आणि प्रत्येक भोकात एकेक काडी खोचली. सीलंट, प्रायमर, रंग, क्लिअर कोट, सगळं त्या काड्यांवरून झालं. रंग वाळल्यावर काड्या हळूच फिरवून ओढून काढल्या. भोकं गोल, स्वच्छ, कडेला रंगाची बारीक रिंग. शेवटी त्याच भोकांतून नळी घालून आत मेणाचा फवारा मारला आणि पुन्हा स्पोक घालून वाट मोकळी आहे ना ते पाहिलं. गाडी देण्याआधी काचेवर पाच मिनिटं पाइपने पाणी सोडलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. सगळीकडून धार लागली.

तेव्हापासून मी कुठेही उभी गाडी दिसली की दरवाजाच्या तळाला हात लावून बघते. ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या गाड्या तपासून झाल्या. एकीच्या पुढच्या दोन्ही दरवाजांची भोकं तांबड्या चिखलाने बंद होती. तिथे कोणा गॅरेजवाल्याचा दोष नव्हता, आमच्याकडच्या रस्त्यांनीच ते केलं. हिराच्या काडीने मोकळी केली, दोन मिनिटांचं काम.

तक्रारीही लिहिते. दहा दिवस सांगून तेवीस दिवस लावले. मधले पाच दिवस फोन उचलला नाही, मी बसने ऑफिसला गेले. दरवाजातल्या स्पीकरची वायर जोडायची राहिली, त्यासाठी फोंड्याला परत एक फेरी. काच वर जाताना अजून टक् आवाज करते.

आणि रंगाची शेड. फेब्रुवारीत संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दुरून पाहिलं तर तो एक दरवाजा वेगळाच दिसला, किंचित काळपट. मी चिडले. महिनाभर सगळ्यांना सांगत सुटले की रंग चुकवला. मग एकदा फाइल काढली, त्यात ती खोडलेली ओळ आणि माझी सही दिसली. पांढऱ्या साध्या रंगाला एक वेळ चालून जातं, पण सिल्व्हरमध्ये धातूची बारीक चकाकी असते, ती फवारताना कशी बसते त्यावर रंग कोनाप्रमाणे बदलतो. कोड बरोबर असला तरी शेजारच्या पॅनलवर रंग विरवत नेल्याशिवाय सांधा लपत नाही. हे त्यांनी मला कागदावर सांगितलं होतं. त्या महिन्यात मी जे बोलले ते मागे घेते.

पहिल्या गॅरेजबद्दलही एक गोष्ट लिहायला हवी. त्यांनी केलेला बंपर तेरा महिन्यांनंतरही शाबूत आहे. साल नाही, तडा नाही, शेड तर मूळच्या गाडीशी दरवाजापेक्षा जास्त जुळते. म्हणजे तिथला पेंटर चांगल्या हाताचा आहे. पत्र्याचं काम करणाऱ्याला मात्र चार दिवसांत, पावसाच्या तोंडावर, साडेनऊ हजारांत ते उरकायला लावलं. मे अखेरीला सगळीच गॅरेजं तुडुंब असतात, प्रत्येकाला पावसाआधी गाडी हवी असते. दमट हवेत पुट्टी नीट सुकायच्या आत रंग चढतो. अगदी अडलं नसेल तर मे-जूनमध्ये डेंटिंगला गाडी देऊ नका.

माझे एकूण गेले ३०,५००. टेम्पोवाल्याचे दोन हजार वजा केले तरी शोरूमपेक्षा जास्त. हा आकडा मला अजून टोचतो. पण शोरूममध्ये पत्रा उघडा असताना मला आत सोडलं असतं का, हेही मनात येतं. फोंड्याच्या मिस्त्रींना पाचपैकी चार देते. उशिरासाठी अर्धा आणि न उचललेल्या फोनसाठी अर्धा कापला आहे.

आज सकाळी पाणी गळताना पाहिल्यावर त्यांना फोन लावला. शेडचं काम आता चार हजार भरून करून घ्यायचं, असं ठरवलं होतं. मी बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "काल पावस पडलो, उदक भायर येता न्हय?" येतंय म्हटलं. मग शेडचं काढलं, तर म्हणाले, "आतां नाका. चवथ जावंदी, मागीर हाड." आता नको, चवथ होऊ दे, मग आण.