सीमेक की मेसन: लायब्ररीच्या नावांची कटकट कुणाच्या गळ्यात घालायची?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपसाठी डेटा लॉगर (आकडे नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम) लिहितोय, घरी माझ्याकडे उबुंटू आणि शॉपमधल्या पीसीवर विंडोज, म्हणजे तोच कोड दोन्हीकडे बिल्ड व्हायला (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनायला) पाहिजे, आणि कोडपेक्षा जास्त वेळ खाल्ला तो लायब्ररींच्या नावांनी. सीमेक आणि मेसन ही बिल्ड करून देणारी दोन टूल्स, त्यातलं कुठलं घ्यायचं ते मी या नावांवरूनच ठरवलं. लिनक्सवर झेडलिबची (डेटा दाबून लहान करणारी तयार लायब्ररी) फाइल 'लिबझेड.एसओ', विंडोजवर तीच 'झेडलिब१.डीएलएल', शिवाय लिंक करायला (प्रोग्रॅमला जोडायला) वेगळी '.लिब' फाइल, डीबग बिल्ड (चुका शोधायसाठीचा) असेल तर कधीकधी मागे 'डी' पण लागतो. आपल्या गावासारखंच की हे, नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आणि घरात बेळगाव, जुनं रेकॉर्ड शोधणाऱ्याला दोन्ही नावं माहीत पाहिजेत.

फक्त लिनक्सच असेल तर साधी मेकफाइल (मेक या जुन्या बिल्ड टूलची फाइल) बास, 'मायनस एल' लावलं की पुढचं 'लिब' लिंकर स्वतःच धरतो. विंडोज आलं की मात्र त्यात इफ-एल्सची रांग लागते, त्या वाटेला जाऊ नका.

सीमेकमध्ये फाइंड-लायब्ररी या लायब्ररी शोधणाऱ्या कमांडला एकाच वेळी चार-पाच नावं देता येतात, जे सापडेल ते तो घेतो. स्वतःची लायब्ररी बनवताना टार्गेटचं (जे बनवायचं त्याचं) नाव नुसतं 'लॉगर' ठेवायचं, लिनक्सवर त्याची 'लिबलॉगर.एसओ' होते आणि व्हिज्युअल स्टुडिओत 'लॉगर.डीएलएल'. मी आधी टार्गेटलाच 'लिबलॉगर' म्हटलं होतं, लिनक्सवर 'लिबलिबलॉगर' तयार झाली. डीबगच्या 'डी'साठी डीबग-पोस्टफिक्सची एक ओळ पुरते.

मेसनची फाइल वाचायला फार छान, नवीन पोराला दिली तरी समजते. पण त्याच्या फाइंड-लायब्ररीत एकच नाव चालतं, आणि स्टॅटिक लायब्ररी (प्रोग्रॅममध्येच मिसळून जाणारी) व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरवर पण तो मूळ सेटिंगमध्ये 'लिबलॉगर.ए' अशीच बनवतो. ही चूक नाही, मुद्दाम केलंय, कारण डीएलएलची इम्पोर्ट लायब्ररी (लिंक करायची ती वेगळी '.लिब' फाइल) आणि स्टॅटिक दोन्ही 'लॉगर.लिब' झाल्या तर एक दुसरीवर चढते. विचार पटतो मला. पण पुढचा माणूस आपल्या प्रोजेक्टमध्ये '.लिब' शोधत बसतो, मग नेम-प्रिफिक्स रिकामा आणि नेम-सफिक्स 'लिब' असं हातानं लिहावं लागतं, आणि ज्या गोंधळापासून मेसन वाचवत होता तो आता तुम्हालाच सांभाळायचा.

म्हणून लायब्ररी दुसऱ्याच्या विंडोज प्रोजेक्टला द्यायची असेल तर सीमेक घ्या. सगळं तुमच्याच हातात राहणार असेल, नुसता प्रोग्रॅम द्यायचा असेल, तर मेसन बिनधास्त वापरा.