फिलाडेल्फियाचा इंडिपेंडन्स हॉल : फेरी घ्यावी, पण शेजारच्या इमारतीसह

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये इंडिपेंडन्स हॉलच्या ज्या सभादालनात संमत झाला, त्याच दालनात १७८७ मध्ये राज्यघटनेवर सह्या झाल्या. राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर ते फेरीतून दाखवतात. तिकिटाला किंमत नाही. आगाऊ वेळ राखण्यापुरते एक डॉलर शुल्क पडते. गर्दीच्या मोसमात आयत्या वेळी जागा मिळेल या भरवशावर राहू नये.

सभादालनासमोरच जुने न्यायदालन आहे. त्याला दारे नाहीत, नुसत्या कमानी आहेत. न्यायदान येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसावे, अशी ती रचना. सभादालनाला मात्र दार आहे, आणि १७८७ मध्ये ते बंद ठेवून, गुप्ततेची शपथ पाळल्यासारखी, घटनेची चर्चा झाली. लोकांच्या नावाने लिहिली जाणारी घटना लोकांच्या नजरेआड लिहिली गेली, हा विरोधाभास या दोन खोल्यांच्या मधोमध उभे राहिल्यावर जितका जाणवतो तितका वाचनातून जाणवत नाही.

सभादालन अपेक्षेपेक्षा लहान आहे. हिरव्या कापडाने झाकलेल्या टेबलांभोवतीचे बहुतेक सामान त्या काळातले असले तरी मूळ नाही. घटनासभेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांची उंच पाठीची खुर्ची तेवढी अस्सल. तिच्यावर कोरलेला अर्धा सूर्य मावळता नव्हे, उगवताच आहे, असे घटनासभेचे ज्येष्ठ सदस्य फ्रँकलिन सह्यांच्या वेळी म्हणाले, हा किस्सा सर्वांनाच आवडतो. परंतु जेफरसन यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्याच्या मसुद्यातील गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा परिच्छेद १७७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, गाळला आणि पुढे घटनेने राज्यांचे प्रतिनिधित्व ठरवताना एका गुलामाची गणना तीन-पंचमांश व्यक्ती अशी धरली, हेही तिथेच आठवायला हवे. फेरी आटोपशीर असल्याने हे प्रश्न रेंजरला आपणहून विचारावेत.

लिबर्टी बेल जवळच, विनातिकीट पाहता येते. तडा गेलेल्या त्या घंटेला आजचा मान मिळवून दिला तो मुख्यतः १८३० च्या दशकातील गुलामगिरीविरोधकांनी, त्यामुळे तेथील माहितीफलक घाईने ओलांडू नयेत.

माझ्या मते खरा ऐवज शेजारच्या काँग्रेस हॉलमध्ये आहे, जिथे बरेच पर्यटक जातच नाहीत. १७९० ते १८०० या काळात अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, इथे होती; तळमजल्यावर लोकांनी निवडलेले प्रतिनिधिगृह भरे आणि वरच्या मजल्यावर, अधिक ऐसपैस खुर्च्यांत, सिनेट. तिचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडत आणि ही पद्धत १९१३ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली. संस्थापकांना राजा नको होता, तसाच जमावाचा बेलगाम कौलही नको होता, हे जिना चढताना आपोआप उमगते. तळमजल्यावरच्या सभागृहातच १७९७ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा पायउतार होणारे वॉशिंग्टन समोर उपस्थित होते. इमारत उघडण्याच्या वेळा बदलतात, त्या आधी पाहून घ्याव्यात आणि शक्यतो इंडिपेंडन्स हॉलनंतर लगेच इथे यावे.