होडीचा घडीचा चार फाळांचा नांगर: खडकात मस्त, गाळात बेकार

गोसीखुर्द धरणाच्या पाण्यावर आपली छोटी शिडाची होडी राहते, तिच्यासाठी हा साडेतीन किलोचा नांगर ऑनलाइन मागवला. घडी होते, कमी जागेत मावते, गंज नाही, किंमतही ठीक. दिवसा हवा शांत असली की काहीच तक्रार नाही. पण मे महिन्यात रात्री अवकाळीचा वारा सुटला ना भाऊ, तेव्हा खरं कळते. पवनीकडच्या बाजूला तळाशी वैनगंगेचा मऊ गाळ, त्यात हे फाळ पकडच घेत नाही, नांगर नुसता घसरून राहिला होता. दोरावर हात ठेवला तर सारखी थरथर लागे, म्हणजे समजून जा, नांगर सरकतोय. काठावरचा एखादा दिवा आन् त्याच्यामागचं झाड एका रेषेत धरून पाहत राहा, रेषा तुटली की होडी चालली.

खडकात आन् बुडीतल्या झाडांच्या खोडात मात्र हाच नांगर घट्ट बसते, इतका की निघत नाही, म्हणून त्याच्या फाळांकडच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून वर तरंगता डबा सोडा, अडकला की तीच दोरी ओढून काढा. गाळासाठी चपट्या फाळांचा डॅनफोर्थ नांगर घ्या.

आणखी एक, सोबत साखळी येत नाही, हे विकणाऱ्यानं लिहायला पाहिजे होतं. दोन-तीन मीटर साखळी लावाच, तिच्या वजनानं ओढ आडवी राहते. पाणी आन् होडीच्या नाकाची उंची मिळून 4 मीटर भरत असेल तर वादळात त्याच्या सातपट, म्हणजे 28 मीटर दोर सोडा, तोही नायलॉनचा, ताणला जाते म्हणून झटके कमी बसते.

पाचपैकी तीन स्टार.