'फिअर ऑफ म्युझिक' की 'रिमेन इन लाइट'? टॉकिंग हेड्सचा एकच अल्बम घ्यायचा असेल तर

टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या चौकडीची ओळख आजच्या बहुतेक श्रोत्यांना 'स्टॉप मेकिंग सेन्स' या १९८४ च्या चित्रपटातून होते, आणि तो पाहून झाला की त्यांच्या स्टुडिओतल्या अल्बमांपैकी कोणता विकत घ्यावा, असा प्रश्न पडतो. अल्बम एकूण आठ असले तरी थोडी चौकशी केली की निवड लवकरच दोहोंवर येऊन ठेपते: १९७९ चा 'फिअर ऑफ म्युझिक' आणि १९८० चा 'रिमेन इन लाइट'. दोन्हींची निर्मिती ब्रायन ईनो यांनी बँडबरोबर केलेली आहे, दोन्हींच्या केंद्रस्थानी तेच चौघे वादक आहेत, दोन्हींची लांबी जवळपास ४० मिनिटे आहे आणि दोहोंमध्ये जेमतेम सव्वा वर्षाचे अंतर आहे. 'दोन्ही घ्या' हे उत्तर देणाऱ्याला सोयीचे असते. परंतु परदेशातून येणाऱ्या एलपीची आजची किंमत पाहता ते घेणाऱ्याच्या फारसे उपयोगाचे नाही. मी या निवडीतून गेलो आहे, आणि माझा कल रूढ मतापेक्षा थोडा वेगळा पडला, म्हणून त्याची कारणे मांडतो.

रूढ मत 'रिमेन इन लाइट'च्या बाजूचे आहे, आणि ते निराधार आहे असे म्हणण्याची माझी तयारी नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये हा अल्बम जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतला, यावरून त्याचे स्थान कळते. बहामाजमधल्या नॅसॉ येथील कंपास पॉइंट स्टुडिओत बँड गेला तेव्हा हातात तयार गाणी नव्हती. आफ्रोबीट या आफ्रिकी नृत्यसंगीताचे नायजेरियन प्रणेते फेला कुटी यांच्या संगीताचा प्रभाव मनावर होता, आणि एकच आवर्तन सर्वांनी मिळून वाजवत राहायचे, त्यावर आणखी वाद्यांचे थर चढवायचे, मग मिक्सिंगच्या वेळी कोणता थर कधी ऐकू यावा हे ठरवून गाण्याला आकार द्यायचा, अशी पद्धत त्यांनी पत्करली. शब्द आणि चाल त्यानंतर आल्या. त्यामुळे यात कडवे आणि धृपद यांच्यात स्वरसंगती बदलते असे सहसा होत नाही. तळाचा ठेका तोच राहतो आणि बदलते ते वरचे विणकाम.

या पद्धतीचे फळ पहिल्या बाजूवर मिळते. तिच्यावर तीनच गाणी आहेत, मिळून साधारण १७ मिनिटांची, आणि पोस्ट-पंक म्हणून, म्हणजे पंक रॉकच्या पाठोपाठ आलेले प्रयोगशील संगीत म्हणून, जे काही ओळखले जाते त्यात इतकी भरगच्च १७ मिनिटे मला तरी दुसरी माहीत नाहीत. त्यातले तिसरे, 'द ग्रेट कर्व्ह', लक्ष देऊन ऐकावे. गाणे पुढे सरकते तशा गाणाऱ्यांच्या वेगवेगळ्या ओळी एकमेकींवर येऊन बसतात. प्रत्येक ओळ आपापल्या जागी फिरत असते, कोणतीही दुसरीसाठी थांबत नाही, आणि त्या गर्दीतून एड्रियन ब्लूच्या गिटारचा किंचाळता आवाज वाट काढतो. एरवी बैठकीच्या खोलीत असा अल्बम लावला की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात; या बाजूला मात्र आजवर कोणी आक्षेप घेतलेला नाही.

एकाच कॉर्डवर ठाण मांडलेले गाणे पाश्चात्त्य श्रोत्याला धाडसी वाटते. आपल्याकडे तानपुऱ्याच्या आवाजात वाढलेल्या कानाला त्यात वावगे काहीच वाटत नाही. उलट, हा अल्बम मला चटकन जवळचा होईल अशीच माझी अपेक्षा होती. पहिल्या बाजूपुरती ती खरीही ठरली. अडचण आली ती दुसऱ्या बाजूला, आणि माझा निर्णय त्या अडचणीनेच केला, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

दुसऱ्या बाजूची सुरुवात 'वन्स इन अ लाइफटाइम'ने होते. रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या आवेशात बँडचा गायक डेव्हिड बर्न बोलत जातो आणि खाली बेस आपल्या मोजक्या सुरांवर अढळ असतो; गाणे अर्थातच उत्तम आहे. त्यानंतर 'हाउसेस इन मोशन' येते, थोडे जड पावलांचे, परंतु जॉन हॅसेलच्या ट्रंपेटमुळे ऐकत राहावेसे. मग 'सीन अँड नॉट सीन', जे गायलेले नाही, बोललेले आहे. मग 'लिसनिंग विंड', जे एकेकटे काढून ऐकले तर या अल्बममधले कदाचित सर्वांत हृद्य गाणे ठरेल. आणि शेवटी 'द ओव्हरलोड', सुमारे सहा मिनिटांचा, जागचा न हलणारा गुरगुराट. म्हणजे प्रत्येक गाणे आधीच्यापेक्षा एक पायरी खाली उतरते आणि खाली पोहोचल्यावर तिथे काहीही घडत नाही. विलंबितापासून सुरुवात करून द्रुताकडे जाणाऱ्या ख्यालाची सवय असलेल्या कानाला हा प्रवास उलटा वाटतो. द्रुत आधीच गाऊन झाले आहे आणि आता गवई विलंबिताचा ठेका धरून बसला आहे, अशा वेळी सभागृहात जी चुळबुळ होईल तीच माझ्या मनात प्रत्येक खेपेस सुरू होते.

'द ओव्हरलोड'विषयी असे सांगितले जाते की जॉय डिव्हिजन या मँचेस्टरच्या बँडचे संगीत न ऐकता, केवळ त्यांच्याविषयी वाचलेल्या वर्णनावरून, टॉकिंग हेड्सने हे गाणे त्यांच्या ढंगात रचले. कथा मजेशीर आहे आणि गाणे ऐकताना ती पटतेही, कारण त्यात काळोखाचे वर्णन पुष्कळ आहे, प्रत्यक्ष काळोख कमी. जॉय डिव्हिजनच्या संथ गाण्यांतही ड्रमचा एखादा आघात अंगावर येतो; इथे तसे काही होत नाही. या अल्बमचे चाहते म्हणतील की ही उतरण हेतुपुरस्सर आहे, पहिल्या बाजूच्या उत्साहाला दिलेले ते उत्तर आहे. असेल. विचार म्हणून मला ते मान्यही आहे. परंतु माझ्या प्रतीच्या पहिल्या बाजूवर आता ठिकठिकाणी खरखर ऐकू येते आणि दुसऱ्या बाजूचा शेवटचा बोटभर भाग दुकानातून आणला तेव्हा होता तसाच काळाकुळकुळीत आहे. सुई तिथवर क्वचितच पोहोचते. माझ्या दृष्टीने याहून प्रामाणिक मोजमाप नाही.

'फिअर ऑफ म्युझिक' बनला तो अगदी वेगळ्या परिस्थितीत. ड्रमवादक क्रिस फ्रँट्झ आणि बेसवादक टीना वेमथ हे दांपत्य न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटी भागात एका माळ्यावर राहत असे, आणि बँडचा सराव तिथेच चालायचा. १९७९ च्या एप्रिल-मेमध्ये ध्वनिमुद्रणाची फिरती गाडी रस्त्यावर उभी करून, खिडकीतून तारा वर घेऊन, पायाभूत वादन त्या माळ्यावरच मुद्रित करण्यात आले. ईनोने त्या आवाजावर पुढे पुष्कळ प्रक्रिया केल्या, तरी मूळची ती खोली ऐकू येत राहते. आवाज कोरडा आहे, जवळचा आहे, आणि चार माणसे एकमेकांकडे पाहत वाजवीत आहेत हे कळते. 'रिमेन इन लाइट'मध्ये कोण काय वाजवते आहे हे शोधण्यात आनंद असतो. इथे ते शोधावे लागत नाही.

गाण्यांची नावे बहुतेक एकेका शब्दाची आहेत: 'माइंड', 'पेपर', 'सिटीज', 'एअर', 'हेवन', 'ॲनिमल्स', 'ड्रग्ज'. प्रत्येक गाण्यात एक माणूस एका अगदी साध्या गोष्टीकडे पाहतो आणि तिच्यामुळे अस्वस्थ होतो. हवासुद्धा इजा करू शकते, प्राणी आपल्याला हसत आहेत, समोरच्याचे मन कशानेच बदलत नाही. वर्णन करताना हे विनोदी वाटते, आणि विनोद आहेही, परंतु बर्नचा आवाज तो विनोद कुठेही सोपा होऊ देत नाही. 'लाइफ ड्युरिंग वॉरटाइम'मध्ये लपूनछपून राहणारा एक माणूस आता नाचण्या-बागडण्याला वेळ नाही असे बजावतो, आणि ते ज्या ठेक्यावर बजावतो तो पाय हलवल्याशिवाय ऐकता येत नाही.

माझे मन ज्या गाण्यावर बसले ते त्याच्या पुढचे, पहिल्या बाजूच्या शेवटचे 'मेमरीज कान्ट वेट'. सुरुवातीपासून सगळे वाजवणे प्रतिध्वनीत बुडालेले आहे, आवाज भिंतींवर आपटून परत आल्यासारखा येतो आणि कोंदटपणा वाढत जातो. शेवटाकडे स्वरसंगती बदलते. सगळे झोपी गेले आहेत, शांतता आहे, आणि गाणे एकाएकी मोकळे होते. पण शब्दांतला माणूस मात्र टक्क जागा आहे. सुटका संगीताला मिळते, त्याला नाही. एकाच ठेक्याच्या आवर्तनावर रचलेल्या गाण्यात असे वळण घेता येत नाही, आणि 'रिमेन इन लाइट'ची पद्धत स्वीकारताना बँडने नेमके काय मागे टाकले हे मला इथे ऐकू येते.

या अल्बममध्ये उणिवा नाहीत असे नाही. दुसऱ्या बाजूवरची 'ॲनिमल्स' आणि 'इलेक्ट्रिक गिटार' ही लागोपाठची दोन गाणी कमकुवत आहेत. पहिल्यातला कुरकुरा सूर काही काळाने आपल्यालाच लागतो आणि दुसऱ्यातली कल्पना गाण्यापेक्षा चांगली आहे. एकंदर आवाज पातळ आहे, मोठ्या स्पीकरवर तो फारसा खुलत नाही, आणि चारचौघांत लावण्याजोगा हा अल्बम मुळीच नाही. मुखपृष्ठाविषयीही एक बारीक तक्रार नोंदवतो: लोखंडी पायऱ्यांच्या पत्र्यासारखे उठावाचे नक्षीकाम असलेले ते काळे आवरण हाताला फार छान लागते, परंतु त्या उठावांच्या खाचांत बसलेली धूळ फडक्याने निघत नाही.

शिवाय इथेही शेवटचे गाणे संथच आहे, तेव्हा माझा आक्षेप संथपणाला नाही हे स्पष्ट करायला हवे. 'ड्रग्ज'मध्ये जागा सोडलेल्या आहेत. एखादा आवाज येतो, थांबतो, मध्ये काहीच नसते, मग दुसऱ्याच दिशेने दुसरा येतो, आणि बर्न धाप लागल्यासारखा त्यांच्यामधून गात जातो. पुढे काय होईल हे इतक्या वर्षांनीही कान आधी सांगत नाही. शिवाय त्याआधीची बाजू एकाच दिशेने घसरत आलेली नसते: 'हेवन'सारखे शांत गाणे, जिथे कधीही काहीही घडत नाही अशा स्वर्गाचे, ते दुसऱ्याच क्रमांकावर येऊन गेलेले असते आणि त्यानंतर गती पुन्हा वाढलेली असते.

आणखी एक गोष्ट विकत घेणाऱ्याच्या फायद्याची आहे. 'फिअर ऑफ म्युझिक' ज्याने उघडतो ते 'आय झिम्ब्रा' हे गाणे ह्युगो बाल या दादावादी (रूढ कला आणि तर्क झुगारणाऱ्या चळवळीतल्या) कवीच्या निरर्थक ध्वनींच्या कवितेवर रचलेले आहे, त्यात रॉबर्ट फ्रिपची गिटार आहे, आणि थरांवर थर चढवण्याची जी पद्धत पुढच्या वर्षी नॅसॉमध्ये संपूर्ण अल्बमभर वापरली गेली तिचा उगम याच गाण्यात आहे. तीन मिनिटांत 'रिमेन इन लाइट'ची चव मिळते. ती आवडली तर पुढची खरेदी कोणती हे आपोआप ठरते. उलट दिशेने मात्र अशी सोय नाही. 'रिमेन इन लाइट'मधले कोणतेही गाणे 'फिअर ऑफ म्युझिक' कसा असेल याचा अंदाज देत नाही.

तरीही काही श्रोत्यांनी माझे ऐकू नये असे मला वाटते. ज्यांचा ओढा मुळात तालाकडे आहे, जे आफ्रोबीटकडून किंवा नाचाच्या संगीताकडून इकडे वळले आहेत, किंवा ज्यांना त्या चित्रपटातला भरलेला रंगमंचच हवा आहे, त्यांनी सरळ 'रिमेन इन लाइट' घ्यावा. एवढे थर रंगमंचावर उभे करण्यासाठीच तर बँडला १९८० मध्ये नऊ जणांचे व्हावे लागले होते. गाणी प्रामुख्याने फोनवर एकेक निवडून ऐकणाऱ्यालाही माझी तक्रार जाणवणार नाही, कारण त्याला दुसरी बाजू सलग ऐकावीच लागत नाही. ज्यांना शब्द लागतात, गिटार लागते, आणि रात्री हेडफोन लावून एकट्याने ऐकायची सवय आहे, त्यांच्यासाठी मात्र मी फारसा न घुटमळता 'फिअर ऑफ म्युझिक'चे नाव घेईन.

जो अल्बम विकत घेणार नाही तो निदान फोनवर ऐकावा, आणि तो 'रिमेन इन लाइट' असेल तर त्याची नंतरची, वाढीव तुकडे जोडलेली आवृत्ती निवडावी. तिच्या शेवटी 'फेलाज रिफ', 'युनिसन', 'डबल ग्रूव्ह' आणि 'राइट स्टार्ट' अशी चार अपुरी मुद्रणे आहेत. त्यातल्या 'राइट स्टार्ट'मध्ये 'वन्स इन अ लाइफटाइम'चा सांगाडा शब्दांविना ऐकू येतो, आणि मला विचाराल तर 'द ओव्हरलोड'च्या सहा मिनिटांपेक्षा तो अधिक रंजक आहे.