माडीची सागवानी जमीन पॉलिश करून घेतली: रंग एक नंबर, सीलिंगला (वरच्या संरक्षक कोटाला) मात्र मागे उभं राहावं लागलं

जुन्या नाशकात तिवंध्याजवळ आमचा वाडा आहे, माडीवर अजून सागाच्या फळ्यांचीच जमीन आहे. सगळे म्हणत होते वरून विनाइलचं शीट टाका नि मोकळे व्हा, पण आमच्या ह्यांचा हट्ट, लाकूड दिसलंच पाहिजे. ओळखीतून पॉलिशवाले मिळाले, दोघं भाऊ आणि एक हेल्पर. नाव टाकत नाहीये कारण पुढे थोडी तक्रार पण आहे.

आधी चांगलं सांगते. मशीन लावायच्या आधी थोरल्याने गुडघ्यावर बसून सगळ्या खोलीतले वर आलेले खिळे पंचने आत ठोकले, नाहीतर घासायचा पेपर फाटतो आणि मशीनचं पॅडही जातं. मग ६० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०, मग १२० आणि तिथेच थांबला. मी म्हटलं अजून गुळगुळीत करा की, तर म्हणाला, "ताई, जास्त घासलं तर लाकूड रंग पीत नाही, फिकं राहतं." बरोबर होतं ते. मोठ्या फटी सागाचाच भुसा कालवून केलेल्या लांबीने (पुटीने) भरल्या, बारीक मुद्दाम तशाच ठेवल्या, कारण पावसाळ्यात फळी फुगते आणि आतली लांबी बाहेर ढकलते.

स्टेनचं, म्हणजे लाकडात मुरणाऱ्या रंगाचं, काम तर खरंच बघण्यासारखं. सागात मुळातच तेल असतं म्हणून आधी थिनरच्या फडक्याने सगळं पुसून घेतलं, मग कपाट येणार त्या कोपऱ्यात तीन शेडचे नमुने लावून दिले आणि म्हणाला दिवसा पण बघा आणि रात्री ट्यूबलाइट लावून पण बघा. दिवसा आवडलेला वॉलनट (गडद तपकिरी) रात्री चक्क काळा दिसत होता, आम्ही एक शेड खाली आलो. लावल्यावर थोडा वेळ मुरू देऊन जास्तीचा स्टेन रेषांच्या दिशेने पुसून काढायचा, हे त्याने एकदाही चुकवलं नाही, कुठे चट्टा नाही. तेलाच्या स्टेनने माखलेल्या चिंध्या पण बोळा करून न टाकता अंगणात पसरून वाळवल्या, अशा बोळ्यात आपोआप उष्णता वाढून आग लागू शकते हे किती जणांना माहीत असतं. आणि आमच्या सासूबाईंचं माडीवरचं देवघर काम संपेपर्यंत खाली हलवायला लावलं, थिनरच्या वाफेत निरांजन नको म्हणून.

आता तक्रार. सीलिंगला आल्यावर हीच माणसं एकदम घाईत. पहिलं म्हणजे मेलामाइन पॉलिश मारतो म्हणाले, सगळ्या दरवाजांना तेच मारतो. दरवाजाला ठीक आहे हो, पण जमिनीवर माणसं चालणार, खुर्च्या सरकणार, कडक कोट असतो तो, ओरखडा पडला की पांढरी रेघ उठते. फ्रेंच पॉलिश त्याहून नाजूक, गरम चहाचा कप ठेवला की गोल डाग. मी फ्लोअरचंच टू-पॅक पीयू (दोन डबे मिसळून लावायचं पॉलियुरेथेन) हवं म्हणून अडून बसले. ते आलं तर धाकटा हार्डनर (कोट कडक करणारा दुसरा डबा) अंदाजाने ओतायला लागला! डब्यावर प्रमाण लिहिलेलं असतं भाऊ. शेवटी स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं आणून दिलं, ते आता थिनरलाच वाहिलेलं आहे.

त्यात श्रावणाची रिपरिप. थोरला म्हणत होता उघडीप येऊ दे, धाकट्याला पुढचं काम खुणावत होतं म्हणून त्याने दमट हवेतच एक हात मारला. पीयूच्या हार्डनरची ओलाव्याशी रिअॅक्शन होते आणि गॅस सुटतो, खिडकीपाशी बारीक बुडबुडेच बुडबुडे. ३२० च्या पेपरने घासून परत हात मारून दिला, पैसे जास्तीचे घेतले नाहीत हे मान्य. पण दोन हातांमधलं घासणं कडेकडेने राहिलंच, जिन्याच्या तोंडाशी आजही नख लावलं तर पापुद्रा निघतो.

मॅट घेतलं ते बेस्ट झालं, ग्लॉसीवर नाशिकची धूळ लगेच दिसते. फक्त डबा तळापासून ढवळून घ्यायला लावा, मॅटची पावडर खाली बसते आणि मग एक फळी चमकते, एक नाही. ते म्हणाले आठवडाभर सतरंजी आणि जड सामान नको, आम्ही त्याहून जास्त थांबलो. आता पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, बास.

रेट नेहमीच्या फर्निचर पॉलिशपेक्षा जास्त पडला, घासायची मजुरीच खूप असते. खालच्या ओसरीच्या खांबांचं काम थोरल्यालाच देणार आहे, तेही दिवाळीनंतर कोरड्या हवेत, आणि सीलरचे डबे मी स्वतः आणणार.