पगारपत्रकातली करकपात आणि प्रत्यक्ष भरलेला कर

परदेशी विमान कंपनीत कम्यूटिंग करारावर उडणाऱ्या, म्हणजे चौदा दिवस तिकडे काम आणि चौदा दिवस घरी अशा पाळीने जगणाऱ्या वैमानिकांसाठी हे लिहीत आहे. दोन वर्षे माझ्या पगाराचा पाचवा हिस्सा ‘स्थानिक कर’ या नावाखाली कापला जात होता. त्यातला एकही हप्ता त्या देशाच्या कर खात्यात जमा झालेला नव्हता, हे मला करार संपताना कळले.

करार विमान कंपनीशी नव्हता. तो एका मनुष्यबळ एजन्सीशी होता, एजन्सीची नोंदणी तिसऱ्याच देशात होती आणि पगार आणखी एका कंपनीच्या खात्यातून येत असे. आमच्या व्यवसायात ही रचना इतकी रुळलेली आहे की मला त्यात वावगे वाटले नाही. सही करण्यापूर्वी एजन्सीने सुचवलेल्या कर सल्लागाराने तासभर समजावले. वर्षात 28 दिवसांच्या तेरा पाळ्या, तेरा गुणिले चौदा म्हणजे 182 दिवस. कराच्या नियमातली 183 दिवसांच्या मुक्कामाची मर्यादा ओलांडली जात नाही, त्यामुळे तिकडे मी अनिवासी, तिकडचा ठरावीक कर एजन्सीच कापून भरणार, आणि मायदेशात पगारपत्रक दाखवले की त्याच उत्पन्नावर पुन्हा कर लागणार नाही. हिशेब इतका नेमका होता की तो तपासावा असे मनातही आले नाही.

त्या हिशेबातली पहिली खोट दिवसांचीच होती. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने दुहेरी कर टाळण्यासाठी आखलेला एक आदर्श करार आहे; त्यावरील भाष्यानुसार 183 दिवस मोजताना पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस, सुट्ट्या, प्रशिक्षण, आजारपण हे सर्व धरले जाते आणि दिवसाचा काही भाग तिथे घालवला तरी तो पूर्ण दिवस ठरतो. ड्युटीच्या आदल्या संध्याकाळी उतरणे मला भागच होते. प्रत्येक पाळीत तो एक दिवस वाढला की 182 चे 195 होतात. दुसरी खोट अधिक मूलभूत होती. त्याच करारातील कलम 15 प्रमाणे 183 दिवस ही तिकडच्या करातून सूट मिळण्याच्या तीन अटींपैकी फक्त एक अट आहे. पगार देणारा मालक त्या देशाचा निवासी नसावा आणि पगाराचा भार मालकाच्या तिथल्या कायम आस्थापनेवर, म्हणजे स्थायी कार्यालयावर, नसावा, या उरलेल्या दोन अटीही एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. माझे रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक), रजा आणि विमान ही सारी तिथल्या विमान कंपनीच्या हाती असताना केवळ कागदावरची एजन्सी ‘मालक’ म्हणून टिकणे अवघड होते.

विमान कर्मचाऱ्यांसाठी याच कलमात वेगळा परिच्छेद आहे, आणि सल्लागाराने मला त्याचा 2017 नंतरचा मजकूर दाखवला होता. त्या मजकुरानुसार आंतरराष्ट्रीय वाहतुकीतील कर्मचाऱ्याच्या पगारावर त्याच्या निवासाच्या देशातच कर लागतो. पूर्वीच्या मजकुरानुसार विमान कंपनीचे प्रत्यक्ष व्यवस्थापन जिथून चालते त्या देशालाही कर लावता येत असे. मात्र आदर्श करार म्हणजे कायदा नव्हे. बंधनकारक असतो तो दोन देशांनी आपापसात केलेला करार, आणि आमच्या दोन देशांतला करार जुन्या मजकुराचा होता. शिवाय मी बहुतेक देशांतर्गत फेऱ्याच उडवत होतो आणि त्यांना तो परिच्छेद, जुना असो वा नवा, लागूच होत नाही. हेच ‘पॅकेज’ सल्लागाराने एका अमेरिकन सहकाऱ्यालाही विकले होते. अमेरिकेत परदेशी कमाईवरची वजावट मुक्कामाच्या निकषावर मिळवायची तर सलग बारा महिन्यांत 330 पूर्ण दिवस परदेशात काढावे लागतात. निम्मे वर्ष घरी राहणाऱ्याला ती कशी मिळणार होती, हे तो सल्लागारच जाणे.

व्हिसाची बाब मी अधिक आधी ओळखायला हवी होती. पासपोर्टवर ‘व्यावसायिक भेट’ असा शिक्का होता, वर्क परमिट कधी हातात आले नाही, आणि विचारले की ‘प्रक्रिया चालू आहे, तुम्ही क्रूच आहात’ असे उत्तर मिळे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या 1944 च्या शिकागो कराराच्या परिशिष्ट 9 मध्ये क्रूला मिळणारी प्रवेशाची सवलत तात्पुरत्या मुक्कामासाठी आहे, तिथल्या बेसवर (नेमणुकीच्या तळावर) महिनोन्‌महिने नोकरी करण्यासाठी नाही. आणि मी तर दर पाळीला प्रवासी म्हणून उतरत होतो. दर चौदा दिवसांनी देशाबाहेर पडत असल्यामुळे भेटीची मुदत कधी संपत नव्हती, म्हणून हा दोष झाकलेला राहिला.

मायदेशी कर खात्याने पगारपत्रकाऐवजी कर भरल्याचे प्रमाणपत्र मागितले तेव्हा एजन्सीने स्वतःच्या लेटरहेडवर पत्र पाठवले. ते अर्थातच स्वीकारले गेले नाही. मग मी स्वतः तिकडच्या कर कार्यालयाला लिहिले आणि उत्तर आले की माझ्या नावावर करदाता क्रमांकच नाही. नोकरीचा परवाना नसलेल्या माणसाची पगारदार म्हणून नोंद झालेली नसणे स्वाभाविकच होते. विमान कंपनीने हात वर केले. एजन्सीने कराराचे शेवटचे पान दाखवले: ‘सर्व देशांतील करांची जबाबदारी केवळ कंत्राटदाराची’, म्हणजे माझी. मग कापलेली रक्कम कशाची, या प्रश्नाला ‘प्रशासकीय शुल्क’ असे उत्तर मिळाले.

पुढे स्वतंत्र सल्लागार नेमून मी तिकडे उशिरा विवरणपत्रे भरली, कर आणि व्याज दिले, त्याचे प्रमाणपत्र घेतले आणि त्या आधारावर मायदेशात सवलत मागितली. व्याजाची मात्र कुठेच सवलत मिळत नाही. मुक्कामाचे दिवस सिद्ध करताना पासपोर्ट अपुरा पडला, कारण क्रू म्हणून जनरल डिक्लरेशनवर (विमानाच्या क्रूची नावे असलेल्या अधिकृत कागदावर) केलेल्या मोजक्या आंतरराष्ट्रीय फेऱ्यांचे शिक्केच नव्हते, आणि उड्डाणांच्या नोंदवहीतल्या, म्हणजे लॉगबुकातल्या, वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असल्याने मध्यरात्रीच्या आसपासच्या तारखा स्थानिक तारखांशी जुळत नव्हत्या. रोस्टरच्या प्रती आणि बोर्डिंग पास मी सवयीने जपले होते, त्यावर निभावले.

एजन्सीने कापलेला पाचवा हिस्सा परत आलेला नाही. आमच्या तुकडीतील दोघांची परवान्याविना काम केल्याबद्दल तिथे चौकशी चालू आहे, म्हणून एजन्सीचे आणि देशाचे नाव मी इथे लिहिलेले नाही. पण कोणाला अशाच रचनेचा करार आला असेल, तर पहिल्या पगारानंतर महिन्याभरात आपल्या नावाचा करदाता क्रमांक आणि पहिल्या भरण्याची पावती थेट त्या देशाच्या कर कार्यालयाकडून पडताळून घ्यावी, आणि वर्क परमिट हाती पडेपर्यंत कॉकपिटमध्ये बसू नये.